बिनउंबऱ्याचं घर

मन्मथअप्पांच्या घरात मी पहिल्यांदा शिरलो तो भिंतीतून. त्यात माझा फारसा दोष नव्हता, कारण भिंत एका विटेएवढीच उंच होती.

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. नव्या जिल्ह्याला नव्या कचेऱ्या लागतात आणि नव्या कचेऱ्यांना नकाशे, म्हणून माझी नांदेडहून तिकडे बदली झाली. मी मूळचा नायगावचा, सरकारी बांधकाम खात्यात अनुरेखक. साहेबांनी पेन्सिलीने ओढलेल्या रेघा शाईने देखण्या करायच्या, हे माझं काम. एका हातात ट्रंक आणि दुसऱ्या हातात लाकडी टी-स्क्वेअर घेऊन मी गंजगोलाईमागच्या एका गल्लीत खोली शोधत आलो. मातीच्या सपाट छपराचं, म्हणजे माळवदाचं, एक जुनं घर होतं. दारात एक बाई भुईमुगाच्या शेंगा फोडत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "खोली हाय. पण अप्पांना इचारा. मागं घरात हायेत ते."

मी बोळातून मागे गेलो. मागे घर नव्हतंच. मोकळं परस होतं, कोपऱ्यात एक आड होता, आणि मधोमध जमिनीवर विटांचा एकच कोरडा थर मांडून चौकोन पाडलेले होते. त्यातल्या एका चौकोनात पोत्यावर मांडी घालून एक गृहस्थ सुतळीला गाठी मारत बसले होते. धोतर, कपाळावर विभूतीचे तीन आडवे पट्टे, कानाला पेन्सिल. मी विटा ओलांडून सरळ त्यांच्यापुढे जाऊन उभा राहिलो.

"थांबा," ते म्हणाले. "भिंतीतून आलाव तुम्ही."

"अं?"

"दार तिकडं हाय. दारातून या."

मी ट्रंक आणि टी-स्क्वेअरसकट परत बाहेर गेलो, वळसा घातला आणि जिथे विटा सोडल्या होत्या त्या फटीतून आत आलो. अप्पांचं समाधान झालं. "हां, आता बसा," ते म्हणाले. मी बसलो. खोली मला मिळाली, पण हा माणूस पुरता शहाणा नसावा असं मत करूनच मी त्या रात्री झोपलो.

असं मत करणारा मी काही पहिला नव्हतो. अख्ख्या गल्लीचं तेच मत होतं. अप्पांचं बाजारात बारदान्याचं दुकान होतं: रिकामी पोती, सुतळी, सुंभ, दोर. आडतीवर आलेली तूर किंवा हरभरा अप्पांच्या पोत्यात शिरल्याशिवाय गाव सोडत नसे. व्यवहाराला माणूस चोख. पण घराचा विषय निघाला की त्यांचं काहीतरी होई. जुन्या माळवदाच्या तुळयांना वाळवी लागली होती, म्हणून मागच्या परसात नवं घर बांधायचं आणि मग पुढचं मोकळं करायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. विटा आल्या आणि पाठोपाठ दुष्काळ आला. प्यायला टँकर, तो आठवड्यातून कधी येईल त्याचा नेम नाही. अशा वेळी सिमेंट कालवायला पाणी मागणाऱ्याला लोकांनी घागरीनेच मारलं असतं. शहाण्या माणसाने विटा रचून ठेवल्या असत्या आणि वाट पाहिली असती. अप्पांनी त्याच विटांचं बिनभिंतीचं घर जमिनीवर मांडलं आणि त्यात राहायला सुरुवात केली. दुकानातून आले की तिथे बसत. पाहुणा आला की त्याला तिथे नेत, दारातून. कुणी विटेवरून पाय टाकला की "भिंत हाय ती" म्हणून परत पाठवत. एकदा वीजबिल वाटणारा माणूस चिडून बिल विटांच्या बाहेरच ठेवून गेला.

मी नव्या जिल्ह्याचे नकाशे काढणारा माणूस. मला हे बघवेना. अप्पा मला 'इंजिनेर' म्हणत, आणि मीही त्यांना कधी दुरुस्त केलं नव्हतं. त्या पदवीला जागून मी एका रविवारी त्यांच्या घराचा नकाशा काढला, निळ्या-काळ्या शाईत, अक्षर वळणदार. तो अप्पांना दिला. अप्पांनी तो अक्कांपुढे धरला.

शेंगा फोडणाऱ्या बाई म्हणजे या गिरिजाक्का, अप्पांच्या पत्नी. माहेर भालकीकडचं. सगळी गल्ली त्यांना अक्का म्हणे. त्यांनी कागद हातात घेतला, नाकाला लागेल इतका जवळ नेला, जरा डावीकडे सरकवला, जरा उजवीकडे. मग परत दिला. "चांगला हाय," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या. नकाशा त्यांनी उलटा धरला होता.

अप्पा सुतळीशी चाळा करत राहिले. मग म्हणाले, "इंजिनेर, दारातून आत या." आम्ही विटांच्या घरात जाऊन बसलो.

"अक्काचं दिसणं बांगडीएवढं उरलंय," ते म्हणाले. "समोरचं तेवढं दिसतंय, बांगडीतून बघितल्यावाणी. बाजूचं समदं गेलं. सोलापूरच्या डॉक्टरला दावलं. काचबिंदू हाय म्हणला. गेलेलं माघारी येत न्हाई. अन् बांगडी बारीक होत चाललीय."

त्यांची एकुलती मुलगी हैदराबादेत होती, तिचा मी विषय काढला.

"तिला कळलं तर उद्या न्यायला येती. घर काढा, इकडं या म्हणंल. तिथं अक्का काय करंल? कोपऱ्यात बसून लेकीनं वाढलेलं खाईल. अवं, हिच्या दारातून कुणी बिनजेवता गेलेलं न्हाई. हिनं शेवटपर्यंत आपल्या चुलीवर, आपल्या हातानं चार माणसांना जेवू घालावं, तेवढ्यासाठी हे घर हाय. डोळे न्हाईत तर पायानं वळखू यावं असं घर. कळलं?"

आणि हे गल्लीला कळू द्यायचं नव्हतं. ती अट अक्कांची होती. एकदा मी धीर करून त्यांना कारण विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "कळलं तर लोक कीव घेऊन जेवायला येतील. मला भूक घेऊन आलेली माणसं पायजेत."

त्यानंतर मला अप्पांच्या सुतळीतल्या गाठी कळल्या. ती त्यांची मोजपट्टी होती. एका गाठीपासून दुसऱ्या गाठीपर्यंत अक्कांचं एक पाऊल. फूट आणि इंच त्यांच्या घरात नव्हतेच. दारापासून सरळ सात पावलं, की समोर भिंत. भिंतीला हात लावायचा, डावीकडे वळलं की चूल, उजवीकडे वळलं की मोरी. रोज सकाळी, गल्ली जागी व्हायच्या आत, अक्का डोळे मिटून त्या विटांच्या घरातून चालत. पुटपुटत मोजत, तेही कानडीत: ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु, ऐदु, आरु, एळु. सातव्या पावलाला हात पुढे. पाय विटेला अडखळला की अप्पा वीट सरकवत.

गल्लीत हे दिसू नये म्हणून सकाळची वेळ. पण लातूरच्या जुन्या गल्लीत माळवदं एकाला एक चिकटलेली. उन्हाळ्यात संध्याकाळ झाली की माणसं माळवदावर जाऊन बसणार, आणि खाली अप्पांचं बिनछपराचं घर उघडं पडलेलं. जगात इतर घरांवर मतं बाहेरून येतात. या घरावर ती वरून पडत.

त्यात पहिला मान बब्रुवानकाकांचा. शेजारचं माळवद त्यांचं. निवृत्त तलाठी. तलाठ्याची नोकरी सुटते, पण दुसऱ्याच्या जमिनीत लक्ष घालायची सवय सुटत नाही. काका कठड्याला टेकून उभे राहत आणि खाली बघून बोलत.

"अप्पा, काय करलालाव?"

"घरात बसलोय, काका."

"चूल दाराच्या एवढ्या जवळ? आल्यागेल्याला चूल दिसती व्हय बाईमाणसाची? मागं घ्या की."

"हाव. बरोबर हाय तुमचं," अप्पा म्हणत, आणि तिथल्या तिथे उठून विटा उचलून चूल मागे नेत. काकांच्या चेहऱ्यावर असं काही समाधान पसरे, की जणू सातबाऱ्यावर नाव चढलं. चार दिवसांनी चूल पुन्हा मूळ जागी आलेली असे. काका वरून विचारत, "हे काय?" अप्पा हात जोडून म्हणत, "तुमचं लई बरोबर होतं, काका. पण घराला मानवलं न्हाई."

या वाक्यापुढे कुणाचं काही चालत नसे. अप्पांशी भांडता आलं असतं, घराशी कोण भांडणार? मला वाटायचं हा सगळा देखावा आहे. पण तसं नव्हतं. मधल्या चार दिवसांत अक्का त्या नव्या मांडणीतून खरोखर चालून बघत. पाय अडखळला, की घराला मानवलं नाही. आणि कधीतरी मानवायचंही. मोरीचं दार आडाच्या बाजूला काढा, ही सूचना बब्रुवानकाकांचीच. ती अक्कांच्या पायांना आवडली आणि राहिली. काका ते श्रेय पुढे मरेपर्यंत सांगत होते, आणि अप्पाही ते न चुकता त्यांच्या पदरात टाकत.

"लोकांचं मत म्हंजे सुपारी," अप्पा मला शिकवत. "दिली तर न्हाई म्हणू नये. गालात धरावी, चघळावी. गिळायची मात्र न्हाई."

गल्लीकडे सुपाऱ्या पुष्कळ होत्या. कुणी म्हणे, जिल्हा झालाय, साहेब लोक खोल्या शोधत फिरतायत, वर दोन मजले चढवा. अप्पा म्हणत, "हाव, बरोबर हाय तुमचं," आणि सुतळीला दोन फुकटच्या गाठी मारत. कुणी म्हणे, ईशान्येला देवघर पाहिजे. त्याला मात्र लिंगायत अप्पा छातीवरच्या इष्टलिंगाच्या करंडकाला हात लावून सांगत, "देव गळ्यात हाय. मी बसतो तिथं बसतो, मी जेवतो तिथं जेवतो. त्याला येगळी खोली दिली तर मला सोडून तिकडंच राहायचा." अक्का पुटपुटत चालतात हेही एकदा काकांनी पाहिलंच. त्यांनी त्याचं व्रत करून टाकलं. "अक्कांनी सातांचं व्रत धरलंय, पावसासाठी," असं त्यांनी गल्लीभर सांगितलं. दोन बायका व्रताचा विधी विचारायला आल्या. अक्कांनी त्यांना न बोलता चहा पाजला.

पण खरी लढाई झाली ती उंबऱ्यावरून. अप्पांच्या घरात कुठल्याच दाराला उंबरा नव्हता. पायाने ओळखायच्या घरात पायात येणारी गोष्ट ठेवायची कशाला? हे कारण सांगता येत नव्हतं, आणि दुसरं कुठलं कारण गल्लीला पटण्यासारखं नव्हतं. नवी सून माप ओलांडते ती उंबऱ्यावरून. हळदकुंकू वाहायचं ते उंबऱ्याला. बब्रुवानकाका तर माळवद उतरून खाली आले. एरवी ते मत द्यायला जिना उतरत नसत.

"अप्पा, उंबरा न्हाई तर लक्ष्मी कुठं थांबंल?"

"थांबती कशाला? सरळ आत येऊ द्या की."

"अन् अवदसा?"

"तीबी यील. अक्का जेवू घालंल तिला. जेवून जाईल."

काकांनी आठ दिवस अबोला धरला. माळवदावर येत, पण पाठ फिरवून उभे राहत.

दुसऱ्या वर्षी परतीचा पाऊस बरा झाला आणि आडाला पाणी लागलं. टँकर अजून सुरूच होते. गल्लीच्या घागरी भरून झाल्यावर जे उरेल तेवढंच बांधकामाला वापरायचं, असं अप्पांनी पहिल्याच दिवशी जाहीर केलं. जलालमिस्त्री कामाला आला. आणि इथे माझा नंबर लागला, कारण बांधकामाच्या परवानगीला नकाशा लागतो.

आता जे झालं ते सांगायला मला आजही जड जातं. अप्पांनी मला गाठींची सुतळी दिली. मी ती मोजून पावलांचे फूट केले. सात पावलं म्हणजे अकरा फूट आठ इंच झाले. आमच्या कचेरीत असल्या मापाला अवलक्षण समजत. आठ इंच! खोल्या एकीला एक जुळेनात, खिडकी दाराच्या रेषेत येईना. मी ते आठ इंच गाळले. सरळ अकरा फूट. कागदावर घर असं काही देखणं दिसलं, की मी ते सोबतच्या दोघा अनुरेखकांनाही दाखवलं. पाया खणायला विटांचा थर उचलावा लागला. जलालने सुतळी मागितली, तर मीच त्याला म्हणालो, "सुतळी राहू दे. कागद पाहा." कारण कळूनही, सगळं ठाऊक असूनही. बब्रुवानकाका निदान वरून ओरडून मत देत. मी माझं मत शाईत घालून घराच्या पायात पुरलं.

भिंती कमरेपर्यंत आल्या तेव्हा एका सकाळी अप्पा अक्कांना घेऊन आले. बांगडी आता आणखी बारीक झाली होती. अक्कांनी डोळे मिटले. ओंदु, एरडु, मूरु. चालण्यात मोठी ऐट होती. वर्षभराचा सराव होता. एळु म्हणताना त्यांनी हात उचलला, पण हात पुढे जाण्याआधी पायाचं बोट भिंतीवर आदळलं आणि मागोमाग गुडघा.

"इल्ला," त्या हळूच म्हणाल्या. कानडीत नाही म्हणायचं तसं.

अप्पांनी खिशातून सुतळी काढली. दारापासून भिंतीपर्यंत धरली. शेवटच्या गाठीला अर्धं पाऊल कमी पडत होतं. त्यांनी सुतळी गुंडाळली, माझ्याकडे बघितलं आणि अगदी शांतपणे म्हणाले,

"हाव. बरोबर हाय तुमचं, इंजिनेर."

हे वाक्य मी शंभर वेळा ऐकलं होतं. त्यावर हसलो होतो, कचेरीत नक्कल करून दाखवली होती. ते माझ्या वाट्याला येईल असं वाटलं नव्हतं. मला रडू फुटलं. भिंत पाडू, माझ्या हाताने पाडतो, असं काहीबाही मी बोललो.

"पाडायची न्हाई," अप्पा म्हणाले. "गल्लीच्या घागरी भरून उरलेलं पाणी दिलंय हिला. असल्या साली पाणी प्यालेली भिंत पाडत न्हाईत."

अक्का खाली बसून बोट चोळत होत्या. त्या उठल्या, भिंतीला धरून दारापर्यंत गेल्या आणि पुन्हा निघाल्या. सहापर्यंत तशाच. सातवं पाऊल त्यांनी अर्धंच टाकलं. हात बरोबर भिंतीवर पडला. "हे बगा," त्या म्हणाल्या. "सातवं अर्धं. ध्यानात ठेवायला काय लागतंय?" त्या दिवशी त्यांनी मला दोन धपाटे जास्त वाढले.

दाराची चौकट बसवायच्या दिवशी जलालमिस्त्री अडून बसला. खालचं लाकूड नसलेली चौकट त्याने जन्मात बसवली नव्हती. "अप्पा, लोगां बोलेंगे ना, जलाल मिस्त्री एक लकडी खा गया," तो कळवळून म्हणाला. अप्पांनी त्याचीही समजूत काढली: "हाव, बरोबर हाय तुमचं. कुणी इचारलं तर सांगा, अप्पानं खाल्ली." तळाला फरशी मात्र जलालने डोकं लावून बसवली. दारात खरबरीत, चुलीपाशी गुळगुळीत, मोरीजवळ छिन्नीने टाकी मारलेली. त्याला कुणी काही सांगितलं नव्हतं. त्याला काय कळलं होतं ते त्याने कधी बोलून दाखवलं नाही.

घरभरणीला पूजा सांगायला स्वामी आले, मागे सगळी गल्ली. स्वामींनी दारात पाय उचलला, उंबऱ्यावरून टाकावा तसा उंच, आणि उंबरा नसल्यामुळे तो पाय धप्पकन खाली आला. मागून आलेल्या प्रत्येकाचं तेच झालं. जन्मभर उंबरे ओलांडलेले पाय, ते सवयीने उचलत आणि धप्पकन आपटत. बब्रुवानकाका तर आम्हाला आधीच माहीत आहे अशा थाटात आले आणि सर्वांत मोठ्याने आपटले. हुग्गीची, म्हणजे गव्हाच्या खिरीची, पहिली पंगत उठेपर्यंत दारात धप्प, धप्प चाललं होतं. चुलीपाशी बसलेल्या अक्का हसत होत्या.

"आवं," त्या अप्पांना म्हणाल्या, "परकं माणूस आलं की घर सांगायलंय मला."

खरंच होतं. घरातल्या माणसांच्या पायांना उंबरा नसल्याची सवय झाली; ती बिनआवाजाची आत येत. परक्याचा पाय वाजे. अप्पा दुपारी दुकानातून येत तेव्हा चपला बाहेर, पाऊल सरळ आत. काही वाजत नसे, पण अक्कांना तेवढंच पुरे. मान न वळवता त्या म्हणत, "आलाव? हातपाय धुवा, भाकर टाकलीय." हे सगळं आपण आधीच योजलं होतं, असं अप्पा मला पुढे सांगत. ते साफ खोटं होतं, पण मी म्हणे, "हाव, बरोबर आहे तुमचं."

अक्कांची बांगडी मिटली त्याला वर्षही लागलं नाही. गल्लीला कळलं नाही. त्या चूल सांभाळत, मोरीतून पाणी घेत, माणसांना वाढत. हुग्गी वाढताना वाटीच्या कडेला बोट धरत, एवढंच. फक्त बब्रुवानकाकांना कळलं. येळवशीचा दिवस होता. सगळं लातूर त्या अमावास्येला शेतात जेवायला जातं. मला सुटी नव्हती, म्हणून मी अक्कांकडे जेवत होतो. काका शेतातून भज्जीचा, म्हणजे त्या दिवशीच्या मिश्र भाजीचा, डबा घेऊन आले. दारात पाय वाजला. अक्का म्हणाल्या, "कोण आलंय?"

काका दोन हातांच्या अंतरावर उभे होते. त्यांना थट्टा वाटली. न बोलता त्यांनी डबा पुढे धरला. अक्कांनी हात पुढे केला, तो डब्याच्या वीतभर बाजूला. काकांनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा दाराकडे, जिथे उंबरा नव्हता. म्हाताऱ्याचा चेहरा उभ्या उभ्या उतरला. मग त्यांनी डबा मुद्दाम खणकन आवाज करून खाली ठेवला. "मी बब्रुवान हाय, अक्का. भज्जी ठेवलीय. उजव्या हाताला."

बोळात त्यांना अप्पा भेटले. अप्पांनी सवयीने विचारलं, "काय काका, काय म्हणतंय घर?"

"काई न्हाई," काका म्हणाले. "चांगलं हाय घर."

उभ्या आयुष्यात ज्यांच्या पोटात एक मत राहिलं नाही, त्या माणसाने ही गोष्ट पोटात ठेवली. त्यानंतर काका बोळाच्या तोंडापासूनच खोकत येत, दारात पाय दोनदा आपटत आणि आपलं नाव सांगत. लोक म्हणायचे, बब्रुवान म्हातारा झाला.

माझी बदली पुन्हा नांदेडला झाली. निघताना अप्पांनी ती गाठींची सुतळी माझ्या ट्रंकेत टाकली. "तुमचं घर बांधताल तवा ही वापरू नका," ते म्हणाले. "तुमच्या बायकोचं पाऊल येगळं असंल." आणि वर, गोदावरीकाठच्या माणसाने लातूरकरांना दोन घागरी पाठवाव्यात, असाही सल्ला दिला. माझं लग्न झालं, मुलं झाली, नांदेडात घर झालं. येणं लांबतच गेलं.

अप्पा गेल्याचं, लिंगैक्य झाल्याचं, कार्ड मला मिळालं, ते बब्रुवानकाकांच्या तलाठी अक्षरात. शेवटी एक ओळ होती: 'अक्का आपल्या घरीच आहेत. लेक न्यायला आली होती. घराला मानवलं नाही.'

मी गेलो, पण तीन महिन्यांनी. दुपार होती. पुढचं माळवद पाडलेलं, मोकळ्या जागेत तुळस. दार उघडं होतं. अक्कांशी काय बोलायचं याचाच विचार डोक्यात चाललेला. मी चपला काढल्या आणि आत शिरलो. डावीकडून भाकरी थापल्याचा आवाज येत होता. तो थांबला.

"आलाव?" आतून अक्का म्हणाल्या. "हातपाय धुवा, भाकर टाकलीय."

मी होतो तिथेच उभा राहिलो. आत तव्यावरची भाकरी करपल्याचा वास येऊ लागला. अक्कांनाही कळलं असावं.

"अक्का, मी आहे," मी म्हणालो. "नायगावचा. इंजिनेर."

मग उलथण्याचा आवाज आला. भाकरी त्यांनी परतली.

"पाय वाजला न्हाई तुमचा," अक्का म्हणाल्या.

"उचललाच नाही. ध्यानातच आलं नाही."

"बरोबर हाय मग," त्या म्हणाल्या. आवाज जरा ओला होता, पण हात पुन्हा चालू झाला होता. "घरातलं माणूस कशाला उचलंल? जावा, हातपाय धुवा."

मी मोरीकडे निघालो. भिंत जवळ आली आणि सातवं पाऊल अर्धं टाकलं.